तुरीवरची बंदी आणि हार्टफर्डची माणसं

हार्टफर्ड हे गाव मी पाहिलेलं नाही आणि आता या गुडघ्यांनी पाहणारही नाही. तरी एका वर्षी, माघ संपून फाल्गुन लागायच्या सुमारास, आमच्या उदगीरच्या घरात त्या गावाचं नाव बिदर-निलंग्याइतक्या सहज घेतलं जायचं. माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, त्याला हाटपूर म्हणायची आणि ते गुलबर्ग्याच्या पलीकडं कुठंतरी असावं असा तिचा बरेच दिवस समज होता. ते अमेरिकेत आहे, आणि तिथं जमलेल्या माणसांची हकिकत दीडशे वर्षांहून जुनी आहे, हे कळल्यावर ती चुलीवरचं भांडं खाली घेत म्हणाली, "मग त्यांचं आपल्या घरात काय काम?" काम होतं. काय होतं ते सांगते.

आमचं घर मोंढ्याला, म्हणजे धान्याच्या बाजाराला, लागून होतं. पुढच्या बाजूला माझे वडील मडिवाळप्पा, म्हणजे आमचे अप्पा, यांची धान्याची अडत, मधे माल ठेवायची मोठी पत्र्याची शेड आणि मागं आम्ही राहायचो. सकाळी सगळ्यांत आधी अप्पांचा आवाज कानावर यायचा. अंघोळ करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते तळहातावरच्या इष्टलिंगाकडं बघत कन्नडमधून काहीतरी गुणगुणत बसत. त्यानंतर चिमण्या. शेडमधे सांडलेल्या दाण्यांवर शेकड्यांनी चिमण्या यायच्या आणि हमालांनी पहिलं पोतं आपटलं की एकदम उडायच्या, तो आवाज पंखांचा असूनही पाऊस पडल्यासारखा वाटायचा. मग चाळण्यांची सरसर, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, सौद्याची ओरड. घरात आम्ही कन्नड बोलायचो, दारात मराठी, आणि अप्पांची शाळा निजामाच्या काळात झालेली असल्यानं त्यांचं लिहिणं-वाचणं उर्दूत पक्कं होतं. मराठी ते सावकाश वाचत, पण लिहायची वेळ आली की पेन माझ्या हातात देत. "तुझं अक्षर सरकारी दिसतंय," म्हणत. मला ते कौतुक वाटायचं.

अव्वा मुखेडकडची, शेतकऱ्याच्या घरची. तिच्या हातच्या कडक भाकरी, शेंगाची चटणी, येसराची आमटी आणि सणाला गव्हाची हुग्गी, एवढं आठवलं तरी मला अजून भूक लागते. डॉक्टरांनी आता शेंगदाण्याचं तेल मोजून खायला सांगितलंय. मी ऐकते, पण शेंगाची चटणी त्यात धरत नाही.

मी तेव्हा लातूरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वसतिगृहात राहायचे, शनिवारी दुपारच्या एसटीनं उदगीरला यायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत. विषय इतिहास. शेवटच्या वर्षाला एक पेपर अमेरिकेच्या इतिहासाचा होता आणि तो फारसं कुणी घेत नसे, कारण पुस्तकं इंग्रजीतून होती. आम्ही सहाजण होतो. शिकवायला काद्री सर, मूळ नांदेडचे, उंच, किडकिडीत, कायम एकाच राखाडी कोटात. सर कधी अमेरिकेला गेले नव्हते. मुंबईलाही एकदाच गेले होते असं ते स्वतः सांगायचे. पण वर्गात आले की खडूनं फरशीवर नकाशा काढायचे आणि आम्हाला त्यावर उभं करायचे. "तू व्हर्जिनिया, तू केंटकी. नंदा, तू व्यापाऱ्याची लेक ना? जा वर, न्यू इंग्लंडला उभी राहा."

त्या फरशीवर मला पहिल्यांदा कळलं की देश नवा असला म्हणजे तो एक असतोच असं नाही. वर उत्तरेला समुद्रकाठचे जहाजवाले आणि व्यापारी. खाली दक्षिणेला तंबाखू-कापसाचे मोठे मळे आणि त्यावर राबणारे गुलाम. डोंगरापलीकडं पश्चिमेला नवीन जमीन फोडणारे, ज्यांना आपला माल नदीवाटे समुद्राला लावता आला की झालं. परदेशाशी काय करायचं, हा प्रश्न आला की या तिघांची तोंडं तीन दिशांना. इंग्लंड आणि फ्रान्सची लढाई जुंपलेली, दोघंही अमेरिकेची जहाजं धरायचे, इंग्रज तर जहाजावर चढून खलाशी ओढून न्यायचे. युद्ध परवडणारं नव्हतं. तेव्हा तिसऱ्या अध्यक्षांनी ठरवलं की आपली जहाजं परदेशी जाऊच द्यायची नाहीत. आपला माल मिळाला नाही की दोघं वठणीवर येतील. सर सांगता सांगता माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता बोल न्यू इंग्लंड. तुझं जहाज बंदरात उभं आहे, माल कुजतोय, खलाशी घरी बसलेत. आणि हा कायदा तुझ्याच भल्यासाठी केलाय म्हणतात. काय म्हणतेस?"

तेवढ्यात तास संपला. पण त्याच आठवड्यात उदगीरला गेले आणि आमच्या शेडमधे तेच उभं होतं.

त्या वर्षी तूर चांगली आली होती. बाजारात आवक सुरू झाली आणि सरकारनं तूर राज्याबाहेर न्यायला बंदी घातली. मोठ्या शहरांत डाळ महागली होती, तेव्हा माल राज्यातच राहावा म्हणून. कागदावर ते बरोबर दिसत असेल. पण आमच्या अडतीची जवळजवळ सगळी तूर सरहद्दीपलीकडच्या बिदर आणि हैदराबादच्या डाळमिलींना जायची, आणि बिदर आमच्यापासून लातूरपेक्षा जवळ. बिदरच्या रस्त्यावर नाका बसला. शेडमधे पोत्यांची थप्पी पत्र्याला टेकली. शेतकरी गाडी घेऊन यायचे आणि अप्पा बाहेर येऊन हात जोडायचे, "ठेवायला जागाच न्हाई, काय करू?" बैलगाड्या तशाच परत फिरताना मी पाहिल्या आहेत.

त्या शनिवारी जेवताना मी अप्पांना अमेरिकेची जहाजबंदी सांगितली. सहज सांगितली, त्यांचं लक्ष दुसरीकडं जावं म्हणून. त्यांनी घास हातातच ठेवला.

"म्हंजे सरकारनंच आपल्या जहाजांना कुलूप लावलं?"

"हाव."

"दुसऱ्याला धडा शिकवायला?"

"हाव अप्पा."

"आन शिकले ते?"

"न्हाई. इंग्लंडनं दुसऱ्या बाजारपेठा शोधल्या."

"शोधणारच. गिऱ्हाईक काय बसून राहतंय व्हय." मग थोडं थांबून, "आन ते जहाजवाले काय केले?"

मी सांगितलं की बरेचजण चोरून माल कॅनडात धाडायचे. सरांनी सांगितलेली एक गंमत होती, ती सांगितली. सरहद्दीवर उतारावर काही लोकांनी शेडी बांधल्या. आत पिंपं रचायची, आणि शेडीचा एक टेकू काढला की पिंपं गडगडत आपोआप पलीकडच्या देशात. पिंपं स्वतःच गेली, आम्ही काय करणार, असं म्हणायला मोकळे. अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. अव्वानं पाणी दिलं. "आपल्या नाक्याजवळ उतार न्हाई," ते डोळे पुसत म्हणाले, "न्हाईतर नागप्पाअण्णानं कवाच शेड बांधली असती."

त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं होतं. दर शनिवारी मग मी सरांचे आठवडाभराचे तास घरी आणायचे. अप्पा भाकरी मोडता मोडता विचारायचे, "हं, कुठवर आलो होतो?" आज मागं बघताना वाटतं, बापाशी माझं खरं बोलणं तिथून सुरू झालं. त्याआधी आमचं बोलणं म्हणजे फी, एसटीची वेळ आणि तब्येत.

नागप्पाअण्णा हे मोंढ्यातले सगळ्यांत जुने अडते. जाड मिशा, मोठा आवाज, आणि रागावले की कन्नड-मराठी-उर्दू तिन्ही भाषा एका वाक्यात. फाल्गुन लागला तरी बंदी उठेना, तेव्हा त्यांनी ठरवलं की तिघांचं शिष्टमंडळ मुंबईला पाठवायचं आणि मंत्रालयात निवेदन द्यायचं. मसुदा त्यांनी स्वतः केला. अप्पांनी तो मला स्वच्छ अक्षरात उतरवायला आणून दिला. मी वाचत गेले. सुरुवातीला व्यापाऱ्यांचं किती नुकसान झालं ते होतं, मधेही तेच होतं, आणि शेवटी लिहिलं होतं: आठ दिवसांत बंदी न उठल्यास उदगीरचे समस्त अडते आपली बाजारपेठ उचलून सरहद्दीपलीकडे नेतील आणि या राज्याशी असलेला संबंध तोडतील.

माझं पेन तिथं थांबलं. कारण त्याच आठवड्यात सरांनी हार्टफर्ड शिकवलं होतं.

"काय झालं?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, हे असंच एकदा लिहून झालंय."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर मसुद्याची घडी घातली आणि म्हणाले, "उद्या बैठक हाय. हे मी सांगितलं तर नागप्पाअण्णा म्हणतील, मडिवाळप्पा भ्यालं. तू सांग."

"मी? मोंढ्याच्या बैठकीत?"

"माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत हाय का न्हाई?"

"हाय."

"मग."

अव्वा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि अप्पांना म्हणाली, "तीस-चाळीस गडी बसणार. निलंग्याच्या पाव्हण्याकडचं कोण असलं तर?" माझ्यासाठी निलंग्याहून एक स्थळ आलेलं होतं आणि त्यांचे कुणी नातेवाईक मोंढ्यात होते. अप्पा म्हणाले, "असलं तर ऐकंल." ती तशीच आत गेली. पण अव्वानं दुसऱ्या दिवशी सकाळी चुरमुऱ्याचा सुशीला केला तेव्हा माझ्या ताटलीत नेहमीपेक्षा जास्त वाढला आणि केस घट्ट विंचरून दिले.

बैठक आमच्याच शेडमधे होती. माणसं पोत्यांवर बसलेली, काही उभी. दाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली हमाल टेकले होते, त्यांना काम नव्हतंच. माझे मामा, शिवलिंगमामा, त्याच दिवशी मुखेडकडून आले होते, बहिणीला भेटायला म्हणून. ते मागं उभे होते, डोक्याला पटका, हातात पिशवी. नागप्पाअण्णांनी मसुदा वाचला. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्यावर अप्पा उठले. "माझी पोरगी कालिजात ह्याच गोष्टी शिकून राहिली. तिला दोन शब्द बोलू द्या."

नागप्पाअण्णा म्हणाले, "बोलू द्या की. पण लवकर. मला लग्नाला जायचंय."

मी उभी राहिले. समोर तुरीचा वास, पत्र्याची ऊब आणि ओळखीचे चेहरे, जे मी लहानपणापासून पाहत आले होते आणि ज्यांच्यासमोर कधी एक शब्द बोलले नव्हते. मी कुठून सुरुवात करावी ते ठरवलं नव्हतं. मग काद्री सर आठवले आणि मी सांडलेली तूर पायानं सारखी करून फरशीवर तीन ढीग केले. हा वर व्यापाऱ्यांचा मुलूख, हा खाली मळेवाल्यांचा आणि त्यांच्याकडं राबणाऱ्या गुलामांचा, हा डोंगरापलीकडचा. जहाजबंदी सांगितली. ती उठली ते सांगितलं. मग काही वर्षांनी त्यांच्या सरकारनं इंग्लंडशी युद्ध पुकारलं आणि व्यापाऱ्यांचा धंदा पुन्हा बसला. तेव्हा त्या उत्तरेच्या राज्यांतले प्रतिष्ठित लोक हार्टफर्ड गावात जमले. बंद दाराआड तीन आठवडे बसले. आमच्यावर अन्याय होतोय म्हणाले आणि मागण्यांचा कागद केला.

"बरोबर केले," एकजण म्हणाला.

"फुटून निघू असं त्यांनी कागदावर सरळ लिहिलं नव्हतं," मी म्हणाले, "पण त्यांच्यातले काहीजण तसं बोलत होते आणि ते देशभर माहीत होतं. तिघंजण तो कागद घेऊन राजधानीला निघाले. ते पोचले तेव्हा लढाई जिंकल्याची बातमी शहरात आली होती, आणि इंग्लंडशी तह झाल्याची पण. लोक रस्त्यावर नाचून राहिलेले, आणि हे तिघं हातात गाऱ्हाण्याचा कागद घेऊन उभे. लोक त्यांना हसले. कागद त्यांनी दिलाच न्हाई, तसेच माघारी गेले. त्यांचा पक्ष पुन्हा कधी उभा राहिला न्हाई."

नागप्पाअण्णा म्हणाले, "म्हंजे त्यांच्या मागण्या खोट्या होत्या म्हण की."

"न्हाई अण्णा. काही अगदी खऱ्या होत्या. जहाजबंदी फार दिवस लांबू नये, ही एक होती."

"मग? वेळ चुकली त्यांची. वेळेचं काय, ती कुणाच्या हातात असतीय?"

"हाव अण्णा, वेळ हातात नसती. म्हणून कागद असा पायजे, की वेळ बदलली तरी द्यायला लाज वाटू नये."

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. ते तोंडातून आलं आणि मलाच बरं वाटलं. पुढं बत्तीस वर्षं मी नांदेडला इतिहास शिकवला, पुष्कळ बोलले, पण इतकं नेमकं वाक्य पुन्हा जमलं असं वाटत नाही.

तेवढ्यात मागून शिवलिंगमामा बोलले. "त्या हार्टफर्डच्या कागदात बाकीच्यांचं काय होतं, पोरी?"

"बाकीच्यांचं काही नव्हतं मामा. फक्त त्यांच्या राज्यांचं."

"तसंच ह्या कागदात हाय. मी मघापासून ऐकून राहिलो. अडते, अडते, अडते. तूर पिकवली कोण? माझी तीन गाड्या तूर घरी पडून हाय. घरात उंदीर खायलेत. ते काय कागदात दिसना गेलं."

दोघं-तिघं त्यांच्याकडं वळून बघायला लागले. व्यापाऱ्यांच्या बैठकीत शेतकऱ्यानं बोलावं, ही रीत नव्हती. अप्पा मात्र म्हणाले, "मेव्हणे बरोबर बोलायलेत." मग दाराकडून आणखी एक आवाज आला, हमालांच्या मुकादमाचा, रसूलचा. तो नेहमी खालच्या आवाजात बोलायचा. "बाई, तुम्ही गुलाम लोक म्हणालात. त्यांचं कुणी लिहिलं का?"

मी खरं तेच सांगितलं. मळेवाल्यांच्या राज्यांना संसदेत जागा जास्त मिळाव्यात म्हणून गुलामांची मोजणी व्हायची, पाच गुलाम म्हणजे तीन माणसं अशी. पण मत त्यांना नव्हतं. व्यापाऱ्यांनी त्यावर तक्रार केली, ती दयेपोटी नाही, समोरच्याला जागा जास्त मिळतात म्हणून. गुलामांना कुणी विचारलंच नाही.

रसूल म्हणाला, "आम्ही काय गुलाम न्हाई. पण तीन हप्ते झाले, पाठीवर पोतं न्हाई. तेवढं तरी लिवा."

नागप्पाअण्णांनी घड्याळ बघितलं. ते चिडले होते हे दिसत होतं, पण त्यांच्यात एक गोष्ट होती, समोरचा खरं बोलतोय हे कळलं की ते भांडण वाढवत नसत. "लिवा तुमचं तुम्ही," म्हणाले. "मला लग्नाला उशीर व्हायलाय. पण मुंबईला मी जाणार. मंत्रालयाचे जिने मला माहीत हायेत." आणि आपला मसुदा खिशात घालून निघून गेले.

दुपारभर मी, अप्पा, मामा आणि रसूल अशा चौघांनी शेडमधे बसून नवीन निवेदन केलं. मामा सांगायचे, अप्पा दुरुस्त करायचे, रसूल मधेच एखादा शब्द घालायचा. धमकी काढली. बंदीचं कारण आम्हाला समजतं, शहरातल्या माणसालाही डाळ परवडली पाहिजे, हे वाक्य अप्पांनी स्वतः घातलं. मग मागण्या: बंदी घालायची तर पिकाच्या आधी सांगा, मधेच नको. माल अडकला तर ठेवायला सरकारी गोदाम द्या. उदगीरच्या स्टेशनवर मालगाडीच्या वाघिणी द्या, म्हणजे राज्यातच लांब माल पाठवता येईल. काम बंद पडलं तर हमालांचा विचार करा. खाली अप्पांनी उर्दूत सही केली, मामांनी मराठीत, आणि रसूलनं अंगठा उठवला. मी कार्बन घालून प्रत काढली. ती प्रत माझ्याकडं बरीच वर्षं होती, एका घरबदलात कुठं गेली कळलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. शब्द पाठ आहेत.

सोमवारी मी लातूरला जाऊन काद्री सरांना सगळं सांगितलं. ते हातातला खडू तसाच धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "बीस साल से पढ़ा रहा हूँ, नंदा. पहली बार किसी के काम आया." आणि लगेच मास्तरकी आठवून, "त्या तिघांनी कागद दिला नाही हे बरोबर सांगितलंस. तीन आठवडे पण बरोबर. ते अजून हार्टफर्डात बसलेले होते तेव्हाच तह झाला होता, बातमी उशिरा आली, हे सांगितलंस का?" मी म्हटलं, राहिलं. सर म्हणाले, "राहू नये. तेच तर गमतीचं आहे."

मुंबईला तिघं गेले: अप्पा, नागप्पाअण्णा आणि शेतकऱ्यांतर्फे शिवलिंगमामा. मामांची रेल्वेत बसायचीही ती पहिलीच वेळ. पाच दिवसांनी परतले. मी शनिवारी घरी पोचले तेव्हा अव्वा धपाटे थापत होती आणि अप्पा पाटावर बसून तिला सांगत होते. मला बघून म्हणाले, "बस. पहिल्यापासून सांगतो."

मंत्रालयात ते दोन तास बाकावर बसून राहिले. मग एका अधिकाऱ्यानं आत बोलावलं. अजून नमस्कार होतो न होतो तोच तो म्हणाला, "तुरीचं ना? बंदी उठली. सकाळीच हुकूम निघाला."

"मला दोन मिनिटं काही कळंना," अप्पा म्हणाले. "मी नागप्पाअण्णाकडं बघितलं. त्यांचा हात खिशाकडं गेला होता. तो जुना कागद त्यांनी सोबत आणला होता, मला रेल्वेतच माहीत झालं होतं. वाटलं, आता काय करतंय हे माणूस. तर त्यांनी हात हळूच माघारी घेतला आन मला म्हणाले, मडिवाळप्पा, तो तुझा कागद दे."

अधिकारी म्हणाला, आता बंदीच उठली, निवेदन कशाला? अप्पा म्हणाले, साहेब, वाचा तर खरं. त्यानं वाचलं. अर्ध्यावर आल्यावर त्यानं तिघांना बसायला सांगितलं आणि चहा मागवला. मामांना विचारलं, तुमचं गाव कोणतं, घरी तूर कशात ठेवता. मामांनी उंदरांचं पण सांगितलं. गोदाम आणि वाघिणींच्या मागणीवर त्यानं लाल पेन्सिलीनं खूण केली.

पुढं वाघिणी मिळायला लागल्या. गोदामाला चार वर्षं लागली, पण झालं. हमालांसाठीचं काही झालं नाही आणि पिकाआधी सांगायचं तर अजूनही कुणी सांगत नाही. परवा टीव्हीवर कुठल्यातरी देशानं कुणाच्या तरी मालावर कर लावल्याची बातमी होती आणि माझा जावई वैतागून बोलत होता. बंदी घालणारा आणि बंदीत सापडणारा, दोघांकडंही आपापलं बरोबर असतं, एवढं मला वीस वर्षांची असताना कळलं होतं. मुंबईहून आल्यावर नागप्पाअण्णांनी मोंढ्यात सगळ्यांना सांगितलं की ते धमकीचं वाक्य काढायला त्यांनीच सुचवलं होतं. अप्पांनी ते कधी खोडून काढलं नाही. "त्यांनी ऐन वेळी खिशातला हात माघारी घेतला," ते मला म्हणाले. "सोपं न्हाई ते."

परीक्षा झाली, निकाल लागला. एम.ए. करायचं तर नांदेडला जावं लागणार होतं. अव्वाचं म्हणणं होतं, बी.ए. पुष्कळ झालं. निलंग्याचं स्थळ अजून वाट बघत होतं. चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी सकाळी अप्पा पटका बांधून म्हणाले, "चल, फॉर्म भरून येऊ." मी एकटीनं नांदेडला जाण्याचा प्रश्नच नव्हता.

एसटी मुखेडवरून जाणारी होती. खिडकीतून जूनचं तापलेलं रान दिसत होतं, नांगरलेलं, काळं. जळकोट सोडल्यावर अप्पांनी विचारलं, "ते हार्टफर्डवाले माघारी गेले, म्हणालीस. मग पुढं केले काय? पक्ष गेला, पण माणसं तर होती."

"त्यांचं बरं झालं अप्पा. जहाजं बंद होती तेव्हा बाहेरचं कापड येईना, म्हणून काहींनी आपल्या इथंच सूत-कापडाच्या गिरण्या काढल्या होत्या. नंतर त्याच वाढल्या. दक्षिणेचा कापूस घ्यायचे आणि कापड करून विकायचे. जहाजांपेक्षा त्यातच जास्त पुढं गेले."

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. दोन गावं गेली. मग म्हणाले, "आपण तूर अख्खी बिदरला धाडतो. तिथं तिची डाळ बनती. डाळ परत आपल्याच दुकानात येती. इथंच बनवली तर?"

मुखेडला गाडी थांबली तेव्हा बाजाराचा दिवस होता. स्टँडवर गाड्या, मिरच्यांचे ढीग, बकऱ्या, माणसांची दाटी. त्या दाटीत शिवलिंगमामा मला आधी दिसले. मी अप्पांना दाखवले. अप्पा उभे राहिले, धोतराचा सोगा सावरला, आणि मला म्हणाले, "तुला फॉर्म भरता येतोय ना?"

"येतोय."

"कालिज कुठं हाय माहीत हाय?"

"काद्री सरांनी चिठ्ठी दिलीय. त्यांच्या बहिणीच्या घरी उतरायचं."

"मग तू हो पुढं. उद्याच्या गाडीनं ये. मला मेव्हण्याशी बोलायचंय."

आणि ते उतरले. मी एकटी कधी लातूरच्या पुढं गेले नव्हते, हे त्यांच्या ध्यानात होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं होतं. गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून मागं पाहिलं. बाजाराच्या गर्दीत दोघं समोरासमोर उभे होते आणि अप्पा दोन्ही हात पसरून मामांना कसल्यातरी इमारतीची लांबी-रुंदी दाखवत होते. मामा मान हलवत होते. मी पिशवी मांडीवर घेतली, सरांची चिठ्ठी एकदा उघडून पत्ता वाचला, आणि पुढच्या सीटवर, जिथून रस्ता दिसतो, जाऊन बसले.